संगणकातील दप्तर व त्याची प्रतिकृती

शाळेचे दप्तर ही शाळेची स्मृती होय. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर कित्येक वर्षांनीही त्याच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून जनरल रजिस्टरातील नोंदीचा उतारा मागितला जातो. सोनई परिसरात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. येथे मुळा सहकारी साखर कारखाना असून गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात व हंगाम संपताच परततात. त्यांच्या मुलांचे शिक्षण दोन गावांत विभागलेले असते. ते जोडणारा दुवा म्हणजे शाळेतील नोंद.

हल्ली रजिस्टरांच्या छायाप्रती व निकालपत्रके संगणकात ठेवण्याचा प्रघात पडला आहे. शासनाच्या प्रणालीत भरलेली माहिती अन्यत्र सुरक्षित असते. परंतु शाळेतच तयार झालेल्या या प्रती एका हार्ड डिस्कवर विसंबून असतात. डिस्कमध्ये चुंबकीय थराच्या तबकड्या मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचन करणारे शीर्ष त्यांना न टेकता अत्यल्प अंतरावर तरंगत असते. एखादा धक्का वा एकाएकी खंडित झालेली वीज तिला बाधक ठरू शकते. नव्या संगणकांतील एसएसडीत फिरणारा भाग नसतो. तथापि तीही पूर्वसूचना न देता बंद पडू शकते.

यावर उपाय दोन आहेत. रजिस्टरातील पाने उतरवून घ्यावीत, त्याप्रमाणे निवडक फायलींची प्रत घेणे म्हणजे बॅकअप. कपाटच खणांसह व किल्ल्यांसह जसेच्या तसे दुसरे करावे, तसा प्रकार म्हणजे क्लोन. क्लोनमध्ये संगणक सुरू करणारी प्रणालीही उतरते. म्हणून जुनी डिस्क बिघडल्यास ती काढून नवी बसवताच काम पुढे चालू होते.

क्लोन करण्यासाठी नवी डिस्क जुनीइतक्या किंवा अधिक क्षमतेची घ्यावी. तैवानमध्ये तयार झालेला 'क्लोनझिला' हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. मूळ डिस्क कोणती व नवी कोणती, हे कंपनीचे नाव व क्षमता वाचून दोनदा पडताळावे. क्रम उलटा झाल्यास कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्व दप्तर पुसले जाते! काम संपल्यावर नव्या डिस्कवरून संगणक सुरू होतो की नाही, हे पाहावे. नंतर ती काढून ठेवावी.

क्लोन हे एका दिवसाचे चित्र असते. दुसऱ्या दिवशीची नोंद त्यात नसते; यास्तव दर आठवड्यास फायलींचा बॅकअप घेणे अगत्याचे आहे. एकंदर प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर, असा सर्वमान्य नियम आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागून असंख्य नस्ती भस्मसात झाल्या. मूळ कागद व त्याची प्रत एकाच छताखाली असतील, तर अशा प्रसंगी दोन्ही नष्ट होतात.

बाहेर ठेवलेल्या प्रतीत बालकांची खासगी माहिती असते. तेव्हा ती सांकेतिक शब्दाने बंद करून केंद्रशाळेच्या कपाटात कुलुपात ठेवावी व त्याची नोंद घ्यावी. कागदी रजिस्टर मात्र मूळ दस्तऐवज म्हणून जपलेच पाहिजे. मुख्याध्यापकांनी सत्रारंभी एक जुनी फाईल बॅकअपमधून उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच होय.