पाठ धरली म्हणून खाट धरू नका

मार्च-एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. खाली बसून मिरच्यांचे देठ खुडायचे, त्या उन्हात वाळवायच्या, डंकावर कुटून आणायच्या आणि आठ-दहा किलोची पिशवी घेऊन चाळीचा जिना चढायचा. साठीतल्या बाईची कंबर आणि मान तेव्हाच बोलू लागते. मग एक्स-रे निघतो, ‘मणक्यांची झीज’ असा शेरा येतो आणि घरचे सांगतात, ‘आता पडून राहा.’ इथेच चुकते.

मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान सांधे असतात. वयाबरोबर त्यांच्यावरचे कूर्चेचे अस्तर झिजते, मधल्या चकत्या चपट्या होतात, कडांना हाड वाढते. हाच मणक्यांचा संधिवात. ही झीज भरून येत नाही हे खरे. पण झीज दिसली म्हणजे दुखणारच, असे नाही. पाठदुखी नसलेल्या ३,११० जणांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. दुखणे मात्र नव्हते!

पडून राहिले की मणक्यांना आधार देणारे स्नायू दुबळे होतात आणि सांधे अधिकच आखडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनांनुसार जुनाट कंबरदुखीत व्यायाम हवा. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन यांची नेहमीसाठी शिफारस नाही. औषधांच्या दुकानात पट्टा सर्वांत पुढे टांगलेला असतो, ते वेगळे.

व्यायामाला दहा बाय बाराच्या खोलीतली एक चटई पुरते. उताणे झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यावा, मान सावकाश दोन्हीकडे वळवावी, रोज थोडे चालावे. पंधरा-वीस मिनिटे शेक घेतला तर आखडलेले स्नायू सैल होतात. ओझे दोन पिशव्यांत वाटावे, मिरच्या निवडताना अर्ध्या तासाने उठावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नयेत. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असेल तर मुळीच नाही. व्यायाम एकदा नीट शिकून घ्यावेत. देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५० च्या दशकात सुरू झाले, ते शेजारच्या परळमध्ये, केईएम रुग्णालयात.

घरातल्या तरुणाची पाठ दुखत असेल तर मात्र झीज हे उत्तर नव्हे. चाळिशीच्या आत सुरू झालेले, पहाटे झोपेतून उठवणारे, सकाळी अर्धा तास पाठ ताठ ठेवणारे आणि हालचालीने कमी होणारे दुखणे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे असू शकते. तो वेगळा आजार आहे, त्याची औषधेही वेगळी. ऑफिसच्या खुर्चीला दोष देण्यात वर्षे जाण्याआधी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

ताप, घटणारे वजन, हातातून वस्तू निसटणे किंवा चालताना तोल जाणे, यांपैकी काही असेल तर लवकर तपासणी हवी. पायांतली ताकद अचानक गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मग रात्र का असेना.