एटीव्हीच्या ऑइलची पातळी का बदलते?

चंडीगडला लागून असलेल्या मोहालीच्या नॉलेज सिटीत हिवाळा कडक असतो. अशा थंडीत फोर-स्ट्रोक एटीव्ही रोज थोडाच वेळ चालवली, तर इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते.

तपासणी: गाडी सपाट जागी लावा. इंजिन थोडं चालवून बंद करा, काही मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि काढून पातळी पाहा. ती आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे मॅन्युअलमध्ये पाहा.

🔹 पातळी वाढली, पेट्रोलचा वास: कार्बोरेटरचा फ्लोट व्हॉल्व्ह तपासा.
🔹 दुधाळ रंग: पाणी मिसळलंय, इंजिन चालवू नका.
🔹 पातळी घटली, निळा धूर: पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील.
🔹 घटली, पण धूर नाही: गळती शोधा.

पेट्रोल मिसळलेलं ऑइल वंगणाचं काम नीट करत नाही. कारण दुरुस्त करा आणि ऑइल पूर्ण बदला!