नऊ अंशांच्या उतारावर शिवमंदिर

बदलापूर पूर्वेच्या शिरगावात आज उभ्या राहणाऱ्या इमारतींचा भरवसा काँक्रीटमधल्या सळ्यांवर असतो. ताण बसला की तो सळ्या झेलतात. शेजारच्या अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० पासून सळीविना उभे आहे. शिलाहार राजा छित्तराजाने सुरू केलेले आणि मुम्मुणीच्या काळात पुरे झालेले हे बांधकाम दगडावर दगड रचून केलेले आहे.

बेसॉल्टचा एक घनमीटर जवळपास तीन टन भरतो. तरीही दहा मीटर उंच खांबाच्या तळाशी, स्वतःच्या वजनाने, दर चौरस सेंटीमीटरवर जेमतेम तीन किलो भार येतो. चांगला बेसॉल्ट चिरडायला त्याच जागेवर हजार किलोंहून अधिक भार लागतो. म्हणजे दगड फुटण्याची धास्ती नाही. धोका सांध्यांत आहे: दगड सरकतो, फट उघडते, भिंत कलंडते.

म्हणूनच संगणकावर अशी वास्तू उभारताना एकसंध भिंत धरून चालत नाही. पीटर कंडल यांनी १९७१ साली सांध्यांनी तुटलेल्या खडकांसाठी मांडलेली पद्धत इथे कामी येते. तिच्यात प्रत्येक दगड सुटा असतो. दोन दगड एकमेकांना दाबू शकतात, घासू शकतात, पण ओढून धरू शकत नाहीत. थरागणिक आत झुकत गेलेल्या छतात तर प्रत्येक दगडाच्या मागच्या टोकावर पुरेसे ओझे आहे का, हेच आधी पाहावे लागते.

मग भूकंपाचा आडवा जोर अजमावण्यासाठी मॉडेलखालची जमीन हळूहळू कलती करायची. भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीत ठाणे परिसर भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे आणि त्याचा गुणांक ०.१६ आहे. वजनाच्या एवढ्या पट आडवा जोर म्हणजे साधारण नऊ अंशांचा उतार. त्याआधीच कोणता दगड निसटतो, हे पडद्यावर दिसते. खरा भूकंप क्षणोक्षणी दिशा बदलतो, त्यामुळे ही चाचणी पहिलीच पायरी. पण कमकुवत जागा ती नेमकी दाखवते.

मला भूकंपाइतकीच काळजी पायाची वाटते. मंदिर वालधुनीच्या काठी आहे, गाभारा वीसेक पायऱ्या खाली आहे. पायाचा एक कोपरा किंचित खचला तरी भाराची वाट वरपर्यंत बदलते. अंबरनाथ-बदलापूरकरांनो, मंदिरालगत खोदकाम, भराव किंवा सांध्यांत सिमेंट भरण्याची गोष्ट निघाली, तर आधी असे मॉडेल करून त्याचा निष्कर्ष जाहीर करण्याची मागणी करा.