बाई विडी ओढत नाही, पण मशेरी?

‘आमच्याकडच्या बायका तंबाखूला शिवत नाहीत’ हे जळगाव-धुळ्यात सर्रास ऐकू येतं. धुरापुरतं ते बरंचसं खरं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे पुरुष ६ टक्के, तर स्त्रिया १.४ टक्के निघाल्या. पण धूर नसलेल्या तंबाखूकडे वळलं की चित्रच पालटतं: पुरुष ३१.७ टक्के आणि स्त्रिया १६.६ टक्के. म्हणजे सहा बायकांमागे एक.

ही तंबाखू घरात शिरते ती मशेरी होऊन. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून भुकटी करायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं हिरड्यांना लावायची. दात घासणं म्हणून हे चालतं, त्यामुळे घरात कुणी त्याला व्यसन म्हणत नाही. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या लेखी ते खरंच असतं.

भाजल्यानं तंबाखूचा दोष जातो, हाही गैरसमजच. निकोटिन उरतंच आणि हिरड्यांतून रक्तात जातं. भाजताना कर्करोगाला कारण होणारे पदार्थ उलट वाढतात. पोटातल्या बाळालाही झळ बसते. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरी किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं.

‘आदिवासींच्या रक्तातच व्यसन आहे’ हे तर सरळ खोटं. देशभरात अनुसूचित जमातींमध्ये तंबाखूचं प्रमाण जास्त आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. पण शाळा कमी आणि हातात पैसा कमी, तिथे ते कुठल्याही समाजात जास्तच असतं. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांकडे बोट दाखवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

विडी पानाची म्हणून सौम्य, असंही समजू नका. टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वरचेवर घ्यावे लागतात. तिच्यातून निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नव्हे, जास्तच मिळतं.

आशाताई आणि डॉक्टरांना एकच विनंती: ‘मशेरी लावता का?’ असं नाव घेऊन विचारा. आणि सोडायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकीला १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक लिहून द्या.