खुल्या दप्तराचे यंत्र

काचीगुडा, बरकतपुरा, हिमायतनगर आणि चिक्कडपल्ली या वस्त्यांच्या मधोमध वसलेले नारायणगुडा हे हैदराबादेतील मध्यमवर्गाचे जुने वसतिस्थान असून, पूर्वी जेथे अंगणाची, चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींची घरे होती तेथे आता चार-चार, पाच-पाच मजल्यांच्या इमारती दाटीने उभ्या राहिल्या आहेत. या इमारतींतील बहुतेक बिऱ्हाडांत, दूरचित्रवाणीच्या मागे किंवा कपाटाच्या माथ्यावर, दोन-चार शिंगे असलेली एक लहानशी पेटी बारीक दिवे लुकलुकवीत बसलेली असते. मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचे परदेशस्थ नातवंडांशी बोलणे, बँकेचा व्यवहार आणि कित्येकांची सगळी नोकरीच जिच्यावर अवलंबून असते, त्या या राऊटर नावाच्या पेटीची घरातील कोणीही विचारपूस करीत नाही. विचारपूस होते ती ती बिघडल्यावरच. प्रस्तुत लेखाचा विषय हीच पेटी आहे, परंतु तिचा एक विशेष प्रकार: जिच्यातील आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता व बदलता येते असा, खुल्या फर्मवेअरवर चालणारा राऊटर.

राऊटर म्हणजे वस्तुतः एक पूर्ण संगणकच होय. त्याला पडदा नाही आणि कळफलक नाही. परंतु प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि वीज गेली तरी पुसली न जाणारी फ्लॅश मेमरी आहे, जिच्यात फर्मवेअर ही त्याची कायमची आज्ञावली साठवलेली असते. विकणाऱ्या कंपनीने भरून दिलेले फर्मवेअर बहुधा बंद दप्तर असते. त्यात काय लिहिले आहे हे ग्राहकाला कळत नाही, आणि दोन-चार वर्षांनी त्या जातीची विक्री थांबली की त्यातील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही बहुतेक कंपन्या झटकून टाकतात. यंत्र धडधाकट असते, पण त्याचा वाली उरत नाही.

या स्थितीवर उपाय निघाला तो एका परवान्याच्या शर्तीमुळे, आणि ती हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने २००२ सालच्या डिसेंबरात डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर बाजारात आणला. १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट मेमरी आणि ४ मेगाबाइट फ्लॅश एवढाच त्याचा संसार होता. पुढच्या मार्चमध्ये सिस्को या बलाढ्य कंपनीने सुमारे पन्नास कोटी डॉलरांच्या मोबदल्यात लिंक्सिस विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. आणि जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लास यांनी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या कर्त्यांच्या नजरेस ही गोष्ट आणून दिली की, या राऊटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स वापरलेले आहे, परंतु त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मात्र ग्राहकांना दिलेली नाही. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळते त्याची शर्त निःसंदिग्ध आहे: आज्ञावली फुकट घ्या, बदला, विका, मात्र ज्याला द्याल त्याला मूळ संहिताही द्या. तगाद्यानंतर कंपनीला त्याच वर्षी ती संहिता प्रसिद्ध करावी लागली. तिच्या पायावर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा खुल्या फर्मवेअरचा प्रकल्प सुरू झाला. पुढे कार्यकर्त्यांत मतभेद होऊन २०१६ साली लीड नावाची वेगळी शाखा निघाली, २०१८ मध्ये दोन्ही शाखा पुन्हा एकत्र आल्या, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तर या प्रकल्पाने, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या साहाय्याने, ओपनडब्ल्यूआरटी वन या नावाचा स्वतःचा राऊटरच विक्रीस आणला.

खुल्या फर्मवेअरची थोरवी सांगताना लोक त्याच्या वेगाची व शेकडो सोयींची यादी देतात. माझ्या मते त्याची खरी थोरवी निराळी आहे, आणि ती बिघाडाच्या वेळीच कळते: हे यंत्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. बंद यंत्राबद्दल आपण केवळ तर्क करतो; खुल्या यंत्राची आपल्याला रीतसर चौकशी करता येते.

ही चौकशी करण्याची एक शिस्त आहे. जाळे बंद पडले की घरोघर जो पहिला उपाय होतो तो पेटी बंद करून चालू करण्याचा. तो पुष्कळदा लागू पडतो, आणि म्हणूनच घातक आहे. ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारा राऊटर घडलेल्या महत्त्वाच्या घटनांची नोंद रोजनाम्यात, म्हणजे लॉगमध्ये, करीत असतो. कोणता फोन केव्हा जोडला गेला, बाहेरची जोडणी केव्हा तुटली, कोणत्या सेवेने दम तोडला, हे सर्व त्यात क्रमवार असते. परंतु हा रोजनामा, वेगळी तजवीज केली नसल्यास, फ्लॅशवर नव्हे तर तात्पुरत्या मेमरीत लिहिला जातो. वीज तोडताच तो समूळ नष्ट होतो. म्हणून आधी ‘लॉगरीड’ ही आज्ञा देऊन किंवा लुसी नावाच्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या कारभार-पृष्ठावरून रोजनामा वाचावा, त्याची नक्कल जपून ठेवावी, आणि मगच बटणाला हात लावावा.

आमच्या नारायणगुड्यातील घरी नवी फायबर जोडणी आली तेव्हाचा प्रसंग नमुन्यादाखल सांगतो. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाने भिंतीवर आपली पांढरी पेटी बसवली, आम्ही तिच्यातून निघणारी तार आमच्या राऊटरला जोडली, सर्व दिवे हिरवे झाले, फोनांनी वायफाय धरले, आणि एकही पान उघडेना. कारागिराचा अभिप्राय असा की राऊटर खराब आहे. रोजनामा पाहिला तेव्हा उलगडा झाला. भिंतीवरच्या पेटीचा स्वतःचा पत्ता होता १९२.१६८.१.१, ओपनडब्ल्यूआरटी नव्याने बसवले की घरातील जाळ्यासाठी तेही हाच पत्ता धारण करते. भिंतीवरच्या पेटीने आमच्या राऊटरला बाहेरच्या बाजूस त्याच मालिकेतील एक पत्ता बहाल केला होता. परिणामी राऊटरच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचा मोहल्ला झाला, आणि आलेला टपाल-खलिता आत द्यायचा की बाहेर पाठवायचा याचा निर्णय त्याला करता येईना. घरातील जाळ्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ केला, आणि तंटा तत्काळ मिटला. पत्ता बदलण्याचे हे काम जोखमीचे खरे, कारण चुकीचा हुकूम दिल्यास राऊटरशी संपर्कच तुटतो. परंतु लुसीने याचीही तजवीज केलेली आहे. नवा हुकूम अमलात आल्यावर ठरावीक मुदतीत आपण पुन्हा संपर्क साधला नाही, तर ती तो हुकूम आपणहून रद्द करून पूर्वस्थिती कायम करते.

दुसरा एक बिघाड याहून गूढ आहे. अशा बहुतेक राऊटरांत वीज नसताना चालत राहणारे घड्याळ नसते. चालू होताना ते आपल्या व्यवस्था-फायलींपैकी सर्वांत ताज्या फायलीची तारीख पाहून वेळेचा अंदाज बांधतात आणि नंतर इंटरनेटवरील कालदर्शक सेवेकडून खरी वेळ मागून घेतात. आता कोणी दक्ष गृहस्थाने नावांचे पत्ते शोधण्याचे काम, म्हणजे डीएनएस, गुप्तलिपीतून करण्याची सोय राऊटरवर बसवलेली असली, तर बराच काळ बंद राहिलेला राऊटर चालू होताच पेच उभा राहतो. कालदर्शक सेवेचा पत्ता काढण्यास डीएनएस हवे. गुप्त डीएनएसला समोरच्याचे प्रमाणपत्र मुदतीत आहे की नाही हे ताडण्यासाठी खरी वेळ हवी. आणि खरी वेळ मिळण्यास कालदर्शक सेवा हवी. तिघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. घरातील माणसांना दिसते ते एवढेच की, वायफाय आहे, दिवे आहेत, पण पाने उघडत नाहीत. रोजनाम्यातील तारीख जुनी आहे एवढे एकदा डोळ्यांत भरले की उपाय सोपा: कालदर्शक सेवेचा पत्ता नावाने न देता आकड्यांनी द्यावा, किंवा तेवढ्या एका नावासाठी साध्या डीएनएसची मुभा ठेवावी.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, ही तक्रार आली तर दोष बहुधा पुडक्यांच्या, म्हणजे पॅकेटांच्या, आकारात असतो. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत १५०० बाइटांपैकी ८ बाइट त्या पद्धतीच्या स्वतःच्या शिक्क्यांत खर्च होतात आणि मालासाठी १४९२ उरतात. फायरवॉलमध्ये एमएसएस, म्हणजे पुडक्यातील मालाची कमाल मर्यादा, आवरण्याची जी खूण असते ती बाहेरच्या जोडणीपुरती चालू आहे ना, एवढे पाहावे.

वायफायचा प्रश्न नारायणगुड्यासारख्या दाट वस्तीत तारेच्या प्रश्नाहून अवघड आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आणि एका इमारतीत बिऱ्हाडे असतात वीस-पंचवीस. लुसीतून आसपासच्या जाळ्यांची गणती घेतली म्हणजे शेजाऱ्यांच्या राऊटरांची भली मोठी यादीच समोर येते. येथे सिग्नलची शक्ती वाढवण्याचा मोह होतो, तो व्यर्थ आहे. राऊटरचा आवाज चढवला तरी फोनचा क्षीण आवाज चढत नाही, आणि संवादास दोघांचेही बोलणे ऐकू यावे लागते. शहाणपण याच्यात आहे की २.४ चा पट्टा २० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवावा, जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर न्यावे, आणि दूरच्या खोलीसाठी तार टाकून दुसरे उपकेंद्र, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बसवावे. जुन्या घरांच्या दगडी भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी गिळून टाकतात. तेथे तारेला पर्याय नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: बिनतारी व्यवस्थेत देशाचा संकेत भारत असा भरलेला नसेल, तर यंत्र सर्व देशांत चालतील अशाच थोड्या वाहिन्यांवर, कमी शक्तीने काम करते. भारत सरकारने २०१८ सालच्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवान्यावाचून खुला केला. तो वापरायचा तर हा संकेत बरोबर पाहिजे.

आता सर्वांत मोठ्या भीतीविषयी. चुकीचा बदल केला, किंवा फर्मवेअर भरताना वीज गेली, आणि राऊटर मुका झाला तर? पहिल्या प्रकारच्या संकटात फेलसेफ नावाची वाट आहे. चालू होताना दिवा भराभर लुकलुकू लागला की मागचे बटण दाबावे. लुकलुकणे आणखी वेगवान झाले म्हणजे यंत्राने आपले सर्व बदल बाजूस ठेवून मूळ स्वरूपात जाग घेतली असे समजावे. ही वाट असते याचे कारण फर्मवेअरच्या रचनेत आहे. मूळ प्रत केवळ वाचता येईल अशा स्वरूपात असते, आणि आपण केलेले फेरफार तिच्यावर पसरलेल्या वेगळ्या थरात साठतात. थर दूर केला की मूळ अक्षत राहते. फेलसेफमध्ये पत्ता वाटणारा कोणी नसतो, म्हणून संगणकाला १९२.१६८.१.२ हा पत्ता स्वहस्ते द्यावा, तारेने जोडावे आणि आत जाऊन चूक सुधारावी.

मूळ प्रतच बिघडली असेल तर त्याखालच्या बूटलोडरला, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणाऱ्या छोट्या आज्ञावलीला, शरण जावे लागते. टीपी-लिंकच्या कित्येक राऊटरांत बटण दाबून धरून चालू केले असता बूटलोडर १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर ठरावीक नावाची फाइल मागतो. संगणकाला तो पत्ता देऊन ती फाइल पुरवली की यंत्र पुन्हा उभे राहते. तोही उपाय खुंटला तर पेटी उघडून तिच्यातील सीरियल जोडणीच्या टोकांना तारा लावाव्या लागतात. त्यासाठी लागणारा यूएसबीचा छोटा अडॅप्टर हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो, तो ३.३ व्होल्टचाच मागावा, आणि तीनच तारा जोडाव्यात, वीज पुरवणारी चौथी जोडू नये. ११५२०० च्या गतीवर पडद्यावर अक्षरे उमटू लागली आणि यंत्र आपली व्यथा ओळीओळीने सांगू लागले, की पुढचे काम धीराचे उरते.

या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट मेमरीच्या जुन्या राऊटरांना आताच्या आवृत्त्या पेलवत नाहीत. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपा असलेली यंत्रे, त्यांचे चालक-प्रोग्राम बंद असल्यामुळे, घेऊ नयेत. खरेदीपूर्वी प्रकल्पाच्या उपकरण-सूचीत नेमकी आवृत्ती, तिच्या क्रमांकासह, पडताळावी. आणि दोष घराबाहेर असेल तर घरातील कोणतेही कौशल्य निष्फळ आहे: २०२५ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेतील रामंतापूर भागात झालेल्या विद्युत्-अपघातानंतर वीजखांबांवरील केबलांचे जुडगे शहरात कापले गेले, तेव्हा राऊटर उत्तम असूनही कित्येक घरे जाळ्यावाचून राहिली. खुले यंत्र अशा वेळी निदान एवढे खात्रीने सांगते की दोष घरात नाही, आणि तक्रार नोंदवताना ती खात्री हाती असणे काही लहान गोष्ट नव्हे.

लुसीचे मराठी रूपही उपलब्ध आहे. त्याचे बाड, म्हणजे पॅकेज, स्वतंत्रपणे बसवता येते. ते सर्वस्वी स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे असून अजून अपुरे आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी इंग्रजी शब्द तसेच डोकावतात. याच हैदराबादेत स्वेच्छा या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मुक्त संगणकप्रणाली तेलुगूत आणण्यासाठी कष्ट घेतले आहेत. आणि याच शहरात, राज्यकारभार उर्दूत चालत असताना, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांसारख्यांच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था उभी राहिली. कोरटकरांच्या नावाची शाळा १९४० पासून नारायणगुड्यातच आहे. तिच्या परिसरात राहणाऱ्या, इंग्रजी समजणाऱ्या आणि मराठी चांगली लिहिणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की त्यांनी वेबलेट या भाषांतर-मंचावर जाऊन लुसीच्या मराठी भाषांतरातील उरलेली वाक्ये हाती घ्यावीत. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.