गॅलरीतलं परसदार

मामंजी गेले आणि वर्षश्राद्धानंतर आम्ही सासूबाईंना गावाहून इथे कराडला आणलं. गावाकडच्या घरामागे त्यांचं परसदार होतं. आळू, कर्दळ, अबोली, मांडवावर चढलेला दोडका. आणि इथे आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चार बाय दहाची गॅलरी! पहिले दोन महिने आई खुर्चीवर बसून नुसत्या रस्त्याकडे बघायच्या. जेवण कमी झालं. डॉक्टरांना दाखवलं, रिपोर्ट सगळे चांगले आले. ''मग होतंय तरी काय आई?'' म्हटलं तर म्हणाल्या, ''दुखत काही न्हाई गं. सकाळी उठून करायचं काय, तेच कळत न्हाई.''

मी महिला मंडळाचं काम करते. बचत गटातल्या बायकांना चार गोष्टी सांगत फिरते. पण घरातल्या बाईचं दुखणं काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग मीच उत्साहाने कामाला लागले. रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि तेलाचे डबे गोळा केले, त्यात काळी माती गच्च भरली. मेथी, मिरची, मोगरा सगळं एकदम लावलं. रोज दोन्ही वेळा तांब्या तांब्या पाणी! आई म्हणाल्या, ''मातीला श्वास घ्यायला जागा ठेवलीस का?'' मी हसण्यावारी नेलं.

पंधरा दिवसांत मिरचीची रोपं पिवळी पडली. त्याहून वाईट म्हणजे, डब्यांतलं गढूळ पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर ठिबकलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. आठ दिवसांत कुंड्या हलवा, असं ठरलं. त्या रात्री आई पिशवीत लुगडी भरताना दिसल्या. ''मला गावाला सोडा. माझ्यापायी तुम्हाला बोलणी नकोत.''

मला फार लागलं. चूक तर माझी होती! 'पाणी जपून वापरा' म्हणून भाषणं देणारी मी, झाडांना गरज आहे का हे न बघता पाणी ओतत होते.

सकाळी काकूंकडे जाऊन माफी मागितली आणि एक महिन्याची मुदत मागून घेतली. मग आईंसमोर बसले. म्हटलं, ''आता तुम्ही सांगाल तसं.''

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'बद्दल मी पूर्वी वाचलं होतं. काडीकचरा कुजवून कसदार माती करता येते, हा त्यांचा आग्रह. आईंना मात्र हे वाचावं लागलं नव्हतं, त्यांनी उकिरड्यावरच ते शिकलं होतं. आम्ही रसवंतीवरून उसाची चिपाडं आणली, उन्हात खडखडीत वाळवली. डब्यांना तळाशी चार-पाच भोकं पाडली, त्यावर खापराचे तुकडे ठेवले. निम्म्यापर्यंत चिपाडं आणि वाळका पाला दाबून भरला, वर माती आणि शेणखत निम्मं निम्मं. ओल्या मातीने भरलेला तेलाचा डबा पंचवीस किलोच्या घरात जातो. आता तो मी एकटी उचलते. गॅलरीच्या स्लॅबवरचा भारही कमी झाला.

पाण्याचा नियम आईंनी घातला. मातीत बोट दोन पेरं घालायचं, आत ओल लागली तर पाणी नाही. प्रत्येक डब्याखाली ताटली ठेवली. त्यात साठलेलं पाणी मात्र ओतून टाकायचं, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.

ऊन आमच्याकडे सकाळचं चार तास. तेवढ्यात मेथी, पालक, कोथिंबीर छान येते. धणे लाटण्याने रगडून, दोन फाकी करून पेरायचे. मेथी महिन्याभरात काढायला येते. मिरची, टोमॅटो, मोगऱ्याला ऊन जास्त लागतं, म्हणून ते डबे कठड्याच्या आतल्या बाजूने, पण उजेडाकडे. माव्यासाठी निंबोळी अर्क फवारतो.

दोडका जाळीवर चढला, फुलंही आली, पण फळं पिवळी पडून गळायची. आई म्हणाल्या, ''इथं भुंगा येत न्हाई, त्याला कोण काय करणार!'' दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. ज्या फुलामागे इवलासा दोडका असतो ते मादी फूल. आईंनी नातवाचा रंगाचा कुंचला घेतला आणि नराच्या फुलातले पराग त्यावर अलगद टेकवले. त्या वेलाला पाच दोडके धरले. पहिला दोडका आईंनी स्वतः काकूंना नेऊन दिला. महिना संपला तेव्हा सोसायटीत कुणी विषय काढला नाही. आता काकूंच्या गॅलरीतही दोन बादल्यांत पालक आहे, त्याची माती आईंनी कालवून दिली.

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर एवढ्याशा गॅलरीतून पाच माणसांच्या घराची भाजी निघत नाही. आठवड्यातून एकदा पालेभाजी, रोजची कोथिंबीर आणि देवाला चार फुलं, एवढंच. बाजारात जावंच लागतं. पण आमच्या घरात सकाळी सहाला कुणीतरी लगबगीने उठतं, आणि दोन भाकरी पोटभर खातं, हा हिशेब भाजीच्या दरात कसा मांडणार?

तुमच्या घरीही अशी खुर्चीवर बसून राहिलेली एखादी आई, आजी, आत्या असेल, तर तिच्यासाठी बाग करून देऊ नका. एक डबा आणि मूठभर धणे तिच्यासमोर ठेवा, आणि कसं लावायचं ते तिलाच विचारा.

मागच्या आठवड्यात आई जत्रेसाठी चार दिवस गावी गेल्या होत्या. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन यायचा. नातवाची चौकशी नंतर. आधी प्रश्न, ''दोडक्यावर कुंचला फिरवलास का?''