रांचीचे फादर बुल्के

माझ्या टेबलावर डाव्या हाताला एक इंग्रजी-हिंदी शब्दकोश असतो. त्याचा पुठ्ठा दोनदा नव्याने बांधून घेतला आहे, कडा बोटं लागून लागून काळवंडल्या आहेत. हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत भाषांतरं करताना दिवसातून दहा वेळा तरी तो उघडतो. कितीतरी वर्षं मी तो नुसता ‘बुल्के’ म्हणून ओळखत होते. ‘जरा बुल्के बघ’ असं आम्ही एकमेकींना सांगायचो. हे बुल्के म्हणजे बेल्जियमहून आलेले कॅथलिक धर्मगुरू, हे कळलं तेव्हा मी त्या माणसाच्या मागेच लागले.

कामिल बुल्के यांचा जन्म १ सप्टेंबर १९०९ चा, बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधल्या रामस्कापेल या खेड्यातला. गावाच्या नावात ‘राम’ आहे, हा निव्वळ योगायोग. पण पुढे हिंदीभाषकांनी त्याचं अपार कौतुक केलं. घरची भाषा फ्लेमिश. त्या काळी फ्लँडर्सचा शेतकरी आणि कामकरी फ्लेमिश बोले, पण मान, मोठं शिक्षण आणि वरच्या जागा फ्रेंचकडे असत. आपल्याच मुलखात आपली भाषा धाकटी, ही सल त्या पिढीच्या तरुणांना फार होती. घेंटचं विद्यापीठ पूर्णपणे फ्लेमिश माध्यमाचं व्हायला १९३० साल उजाडावं लागलं. लूव्हेनमध्ये इंजिनिअरिंग शिकलेला हा तरुण त्याच वर्षी सगळं बाजूला ठेवून येशूसंघात दाखल झाला. तुलसीदासांच्या एका चौपाईचा जर्मन अनुवाद त्याने तिकडे असतानाच वाचला होता.

१९३५ साली ते भारतात आले. थोडे दिवस दार्जिलिंगला राहिले, मग छोटा नागपूरमधल्या गुमल्याच्या शाळेत गणित शिकवू लागले. हा भाग बेल्जियन मिशनऱ्यांच्या ओळखीचा होता. फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी १८८५ पासून तिथे मुंडा आणि उराँव शेतकऱ्यांच्या जमिनीच्या खटल्यांत त्यांची बाजू लावून धरली होती. लिव्हन्सही पश्चिम फ्लँडर्सचेच.

इथे बुल्क्यांना धक्का बसला तो सुशिक्षितांचा. शिकली-सवरलेली माणसं आपसात इंग्रजीत बोलतात, त्यातच मोठेपणा मानतात आणि स्वतःच्या भाषेतलं वाङ्मय त्यांना ठाऊक नसतं. फ्लँडर्समध्ये जे सोसलं, तेच इथे. मग इंजिनिअर झालेला, गणित शिकवणारा हा मास्तर विद्यार्थी होऊन बसला. हजारीबागजवळ सीतागढा इथे पंडित बद्रीदत्त शास्त्री यांच्याकडे त्यांनी हिंदी आणि संस्कृतचे धडे घेतले. कर्सियाँगला ईशज्ञान शिकत असताना १९४१ साली गुरुदीक्षा झाली. पुढे कलकत्ता विद्यापीठाची संस्कृतची एम. ए. आणि १९४५ पासून अलाहाबाद.

अलाहाबादचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. रामकथेवर प्रबंध लिहायचा होता आणि तो हिंदीतच लिहायचा, असा त्यांचा आग्रह. नियम इंग्रजीचा. हिंदी विभागाचा प्रबंधसुद्धा इंग्रजीत! इंग्रजीचेच नामवंत प्राध्यापक राहिलेले कुलगुरू अमरनाथ झा यांनी वाट मोकळी करून दिली, आणि डॉ. माताप्रसाद गुप्त यांच्या मार्गदर्शनाखाली ‘रामकथा : उत्पत्ति और विकास’ हिंदीत उभा राहिला. १९५० साली तो ग्रंथरूपाने आला. वाल्मीकींपासून निघून जैन आणि बौद्ध कथा, तिबेट, जावा, सयाम आणि एकनाथांच्या भावार्थ रामायणासह आपल्या भाषांतली रामायणं, असा तो पसारा आहे. दशरथ जातक हेच रामकथेचं मूळ, हे जर्मन अभ्यासक वेबर यांचं मत बुल्क्यांनी पुरावे मांडून खोडलं. एकेक प्रसंग कुठे पहिल्यांदा येतो, कुठे बदलतो, हे ते असं दाखवतात की वाचणाऱ्याची श्रद्धा दुखावत नाही आणि संशोधनही सैल पडत नाही. ही कसरत आजही फार थोड्यांना साधते.

रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते हिंदी-संस्कृतचे विभागप्रमुख झाले. पण ऐकू कमी येई. वर्गात मुलाने शंका विचारली तर ती नीट कानावर पडत नसे. दुसरा कुणी खचला असता. बुल्क्यांनी शिकवण्याची जागाच बदलली. मनरेसा हाउसमधल्या त्यांच्या खोल्या पुस्तकांनी भरल्या आणि विद्यार्थी, संशोधक, लेखक तिथे येऊ लागले. कुणाला संदर्भ हवा, कुणाला घरी न्यायला पुस्तक.

त्या खोल्यांतूनच १९६८ साली ‘अंग्रेज़ी-हिन्दी कोश’ आला. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत दिलेला असतो. कर्ज या अर्थाच्या इंग्रजी शब्दातला ‘बी’ मुका आहे, हे गुमल्यातल्या पोराला स्पेलिंग बघून कसं कळणार? शाळेत तो ‘डेब्ट’ म्हणतो आणि वर्ग हसतो. उच्चार त्याच्याच लिपीत छापलेला असला की ते पोर हसण्यावारी जात नाही. कोश करणाऱ्याने शाळेत शिकवलेलं होतं, हे पानोपानी जाणवतं. शेवटपर्यंत ते त्यात भर घालत राहिले.

काहीजण विचारतात, रामावर एवढं प्रेम, मग हे मिशनरी कसले? मला हा प्रश्नच पटत नाही. ते पुरते मिशनरी होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. ख्रिस्तावरची श्रद्धा आणि तुलसीवरची भक्ती त्यांच्या मनात एकत्र नांदत होती. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत बांधलं, ते वाचलेल्या मराठी माणसाला तर हे नवं वाटू नये. बायबल हिंदीत नेणं हे बुल्क्यांना आपलं नेमलेलं काम वाटे. इंजिनिअरचा काटेकोरपणा त्यांनी तिथेही सोडला नाही. मेटरलिंकचं ‘नीलपंछी’ नाटकही त्यांनी हिंदीत आणलं. मेटरलिंक घेंटचे, म्हणजे फ्लेमिश मुलखातलेच, पण लिहीत फ्रेंचमध्ये.

१९५१ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, १९७४ साली पद्मभूषण मिळालं. बायबलच्या जुन्या कराराचं भाषांतर सुरू असतानाच पायाला गँगरीन झालं. उपचारांसाठी त्यांना दिल्लीला हलवलं आणि १७ ऑगस्ट १९८२ रोजी तिथेच ते गेले. काश्मिरी गेटच्या निकल्सन दफनभूमीत त्यांना पुरलं. छत्तीस वर्षांनी, २०१८ साली, त्यांचे अवशेष दिल्लीहून रांचीला आणले आणि सेंट झेवियर्सच्या आवारात ठेवले. कॉलेजसमोरच्या रस्त्याला आता त्यांचंच नाव आहे.